कुत्र्याचं घडीचं घर आणि त्याचा नॉमिनी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्यात पोरांचा धिंगाणा असायचा. आज ती पोरं पुण्याला, हैदराबादला नोकरीला आहेत आणि बऱ्याच घरांत आपण दोघंच, नाहीतर एकटेच. काही घरांत आणखी एक जीव असतो, तो म्हणजे कुत्रा. सचिवांनी मला बचतीवर बोला म्हटलं होतं. मी मात्र कुत्र्याच्या घडीच्या पिंजऱ्यावर बोलणार आहे. हसू नका, विषय आपल्या म्हातारपणाचाच आहे.

गेल्या मे महिन्यात सौ.ना रात्री अकराला तातडीने नागपूरला न्यावं लागलं. आमच्या मोत्याचं काय करायचं? समोरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही निघा, पिंजरा इकडे द्या." घडीचा पिंजरा, त्याची जुनी चादर आणि पाण्याचं भांडं, एवढंच त्यांच्याकडे गेलं. आठ दिवस तो परक्या घरात राहिला, पण झोपला स्वतःच्याच घरात. दवाखान्यात बसून मला एका काळजीची तरी सुटका होती.

आता निवडीचं बोलू. बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. कापडी हलका असतो, पण पिल्लू दातांनी फाडतं. प्लास्टिकचा मजबूत असतो, पण त्यात हवा कमी खेळते आणि मोठा असला तर जागा अडवतो. तारेचा थोडा जड, पण चारी बाजूंनी मोकळा आणि घडी करून पलंगाखाली सरकवता येतो. यवतमाळचा उन्हाळा, त्यातला नवतपा लक्षात घेता मी तारेचाच सांगेन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो, म्हणून हवा खेळणं महत्त्वाचं.

कर्ज मंजूर करण्याआधी आम्ही जागेवर जाऊन मोजमाप घ्यायचो, तसंच इथेही करा. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी मोजा, उभं असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत किंवा उभ्या कानांपर्यंत उंची मोजा आणि दोन्हींत तीन-चार इंच वाढवा. कुत्र्याला आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. पिल्लासाठी मोठा घेतला तर मध्ये जाळीचा आडपडदा लावा, नाहीतर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात घाण करतं. तारांच्या फटीत पंजा किंवा जबडा अडकत नाही ना, कडी पक्की आहे ना, खालचा ट्रे सरकवून धुता येतो ना, एवढं दुकानातच पाहून घ्या.

पिंजरा आणला की लगेच कोंडू नका. पहिला आठवडा दार उघडंच ठेवा आणि जेवण आत द्या. तो आपणहून आत जाऊन झोपायला लागला की दोन मिनिटं दार लावा, मग दहा, मग अर्धा तास. गळ्यातला पट्टा आत काढून ठेवा, तारेत अडकून फास बसू शकतो. आणि शिक्षा म्हणून त्यात कधीच घालू नका. ती त्याची खोली आहे, तुरुंग नव्हे. अशी सवय असली की दिवाळीच्या फटाक्यांतही तो पलंगाखाली थरथरत न बसता आपल्या जागी जातो.

गॅलरीतल्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली किंवा बंद गाडीत पिंजरा ठेवू नका. कूलरच्या खोलीत ठेवलात तर खिडकी थोडी उघडी असू द्या. कुत्रा जोरजोरात धापा टाकतो, लाळ गाळतो, झोकांड्या खातो, असं दिसलं तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा.

घर सोडायची वेळ सांगून येत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि महागाव तालुक्यात आनंदनगरला पुराने वेढा घातला. माणसांना बाहेर काढायला बचाव पथकं आली. अशा वेळी माणूस आधी, हे खरंच. पण पिंजऱ्याची सवय असलेला कुत्रा पाच मिनिटांत उचलता येतो. बिथरलेला कुत्रा पलंगाखालून निघत नाही आणि त्याच्यासाठी मालकही थांबून राहतो.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. रौप्यमहोत्सवी निधीतून एक मध्यम आणि एक मोठा असे दोन घडीचे पिंजरे घेऊन ऑफिसात ठेवावेत. ज्याला लागेल त्याने रजिस्टरवर सही करून न्यावा आणि साबणाने धुऊन, उन्हात वाळवून परत करावा. चादर मात्र ज्याची त्याने आणावी, कुत्र्याला स्वतःचा वास लागतो.

दुसरी सूचना, बँकेच्या खात्याला आपण नॉमिनी ठेवतो, तसा प्रत्येक कुत्र्यालाही एक ठेवा. कार्डावर त्या शेजाऱ्याचं नाव, जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर, रेबीजच्या लसीची तारीख आणि जेवणाच्या वेळा लिहा आणि कार्ड पिंजऱ्याला बांधून ठेवा. मात्र नॉमिनीला आधी विचारा आणि कुत्र्याची त्याच्याशी ओळख करून द्या.

ज्यांना कुत्रे आवडत नाहीत, त्यांनाही यात तोटा नाही. मालक नसताना भुंकत जिन्यात फिरणारा कुत्रा कोणालाच नको असतो.

पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणारी आपण माणसं. दाराशी झोपणाऱ्या जिवाची सोय आपण नक्की करू. हा विषय पुढच्या सभेत घ्यावा, अशी विनंती करून मी रजा घेतो.