फ्लेमिश चित्रांतील अरण्य आणि माणूस

चित्रांत अरण्य दिसलें कीं पाहणाराची नजर प्रथम माणूस शोधूं लागते. एखादा शिकारी किंवा काठी टेकीत चाललेला वाटसरू सांपडला म्हणजे तिला विसावा मिळतो. नजरेच्या या सवयीचा फ्लेमिश चित्रकारांनीं मोठा मार्मिक उपयोग करून घेतला आहे.

अँटवर्पचा योआकिम पातिनीर १५२४ मध्यें वारला. त्याच्या काळीं निसर्गचित्राला धर्मकथेचें निमित्त लागे. सिंहाच्या पंजांतील कांटा काढणारा संत जेरोम त्यानें रंगविला खरा. पण संत लहानसा, आणि बाकीचा फलक डोंगर, पाणी, वस्त्या व झाडी यांनीं व्यापलेला. जवळची भूमि तपकिरी, मधली हिरवी व दूरची निळी, अशा क्रमानें त्यानें जणूं घारीच्या डोळ्यांनीं पृथ्वी दाखविली. इतक्या उंचीवरून अरण्य म्हणजे केवळ हिरवे पुंजके.

थोरल्या पीटर ब्रॉयगेलच्या १५६५ मधील 'बर्फांतील शिकारी' या चित्रांत उंचावरची दृष्टि तीच. पण संताच्या जागीं थकलेले शिकारी व त्यांचीं कुत्रीं आलीं. एवढ्या पायपिटीनंतर हातीं लागला आहे तो एक कोल्हा! निष्पर्ण काळीं झाडें आणि हीं माणसें एकाच थंडीनें गारठलेलीं आहेत.

अरण्याच्या आंत पाऊल टाकलें तें मात्र गिलिस व्हान कोनिंक्सलो यानें. १५८५ मध्यें अँटवर्प स्पॅनिश सैन्याच्या हातीं गेलें, तेथील प्रॉटेस्टंटांना शहर सोडण्यास चार वर्षांची मुदत मिळाली आणि कोनिंक्सलो परागंदा झाला. जर्मनींतील फ्रांकेन्ताल येथें कांहीं वर्षें काढून तो ॲमस्टरडॅमला स्थायिक झाला. त्याच्या १५९८ च्या अरण्यचित्रांत क्षितिज जवळजवळ लोपलें आहे. पाहणारा प्रचंड बुंध्यांच्या पायथ्याशींच उभा राहतो. प्रकाश येतो तो दूरवरच्या फटींतून. अशा चित्रांत माणूस एखाद्या मुळापेक्षांहि लहान दिसतो.

पुढें ब्रुसेल्सच्या जाक दार्त्वानें (१६१३–१६८६) शहरालगतचें सोनियन अरण्य भव्य फलकांवर उतरविलें. त्यांतील माणसें पुष्कळदां दुसऱ्याच चित्रकारांनीं काढलेलीं असत. मग तीं निव्वळ शोभेचीं म्हणावयाचीं काय? अशा चित्रांतील माणूस क्षणभर अंगठ्यानें झांकून पाहावा. वृक्ष किती उंच व वाट किती लांब, हें तत्काळ कळेनासें होतें. तेथें माणूस लहान असला तरी क्षुद्र नाहीं. अरण्याचें माप त्याच्यापाशीं आहे.

आणि प्रत्यक्ष अरण्याचें भवितव्यहि त्याच्याच हातीं राहिलें. एकोणिसाव्या शतकांत सोनियन अरण्याचा मोठा भाग विकला गेला व तुटला. आज सुमारें ४,४०० हेक्टर शिल्लक आहे. दार्त्वाच्या फलकांतील वाटसरू मात्र त्या जुन्या छायेंतून अजून चालतच आहेत.