अंगणातील द्राक्षवेल



विलायतेत थंडीमुळे द्राक्षवेल पुष्कळदा काचघरात जपतात. आपल्या खुटबावच्या उन्हात तिला अंगणातील मांडव पुरतो. माझ्या दिवंगत पत्नीने लावलेल्या वेलीवर कात्री चालविण्यास माझे मन धजेना. तीन वर्षे पाने दाट, घड मात्र एकही नाही. आपल्या उष्ण हवेत वेल हिवाळ्यात निजत नाही. म्हणून दोन छाटण्या अवश्य. एप्रिलच्या खरडछाटणीने नवी काडी येते, तिच्या डोळ्यांत सूक्ष्म घड धरतो. ऑक्टोबरच्या छाटणीने तो बाहेर पडतो. पाणी साचू देऊ नये, केवड्यावर मोरचूद-चुन्याचे मिश्रण फवारावे. अखेर मी वेल छाटली. पुढल्या फाल्गुनात मांडव घडांनी लवला. माया असावी, परंतु छाटणीची वेळ चुकवू नये. मुलांच्या संगोपनातही हेच खरे. इत्यलम्.