थापटणं कुणाच्या डोक्यावर?

दिवसभराच्या उन्हातून तुम्ही एवढे जण या व्याख्यानाला आलात. विषय जड आहे, म्हणून सुरुवात आपल्या घरच्या गोष्टीनं करते.

तेर इथून फार लांब नाही. तिथं गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईला थापटणं दिसलं आणि तिनं विचारलं, हे कशाला? मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं, असं काकांनी सांगितल्यावर ती म्हणाली, मग आमचीही मडकी बघा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेवांना मात्र राग आला, आणि काकांनी निकाल दिला: एवढं मडकं कच्चं.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि नामदेवांना गुरू हवा होता एवढाच अर्थ घेऊन उठतो. मला त्यात दुसरंच काही दिसत आलंय. त्या घरात निवृत्तिनाथ होते. ज्ञानेश्वरांचे ते गुरू. थापटणं त्यांच्याही डोक्यावर बसलं. गुरू आहेत म्हणून त्यांना वगळलं नाही. पुढं नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं गेले, तेव्हा विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी तिथंही हरकत घेतली. विसोबांनी त्यांना हाकललं नाही, उलट त्या हरकतीतूनच शिकवण दिली. आणि शिकवून झाल्यावर ठेवून घेतलं नाही. नामदेव पंढरपूरला परतले, कीर्तन करत थेट पंजाबात पोचले, आणि त्यांची पदं आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

हे मी का सांगते? गेली काही वर्षं समुपदेशनाच्या कामात माझ्यासमोर अशी माणसं येतात, ज्यांच्या गुरूच्या डोक्याला कुणी कधी हातही लावू शकलेलं नाही. तपासणी फक्त खालच्यांची, रोज, आणि कच्चं ठरलेलं मडकं कधी पक्कं होतच नाही.

एका बाईंची वही सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोनशे पानी साधी वही. रोज रात्री त्यात स्वतःच्या चुका लिहायच्या आणि गुरुवारी सत्संगात सगळ्यांसमोर उभं राहून वाचायच्या. पहिल्या पानांवर असं होतं: आज भाजीत मीठ जास्त पडलं, मन सेवेत नव्हतं. मग, आईची आठवण आली, माया सुटत नाही. मग, फोटोकडं बघताना शंका आली. प्रत्येक ओळीपुढं लाल पेनाची खूण. शेवटच्या पानांवर चूक कोणती तेही लिहिलेलं नव्हतं. नुसती तारीख आणि पुढं दोन शब्द, माझं चुकलं. ओळीनं सत्तर-ऐंशी दिवस. त्यांची आई गेली तेव्हा घरी जायला गुरूची परवानगी मिळेपर्यंत तेरावा उजाडला होता. शिकलेल्या होत्या त्या, नोकरी केलेल्या. त्यांना कुणी कोंडलं नव्हतं, दाराला कडी नव्हती.

कडी नसताना माणूस का थांबतो? रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं चीनमध्ये ‘विचारसुधारणे’तून गेलेल्या माणसांशी सविस्तर बोलून 1961 मध्ये ग्रंथ लिहिला. ही वही त्यात जवळजवळ जशीच्या तशी सापडते. आधी सगळ्यांपुढं कबुली द्यायची. मग तुमचा अनुभव आणि तिथली शिकवण यांचा मेळ बसला नाही, तर अनुभव खोटा. रडू आलं तर तुमचा अहंकार रडतोय. दुखलं तर कर्म फिटतंय. माणसाच्या हातून त्याचं स्वतःचं दुखणंसुद्धा काढून घेतलं जातं.

त्यात भर पडते गुरूच्या लहरीची. आज जवळ बसवून प्रसाद, उद्या कारण न सांगता पाठ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरचे प्रयोग आहेत. चोच मारली की दर वेळी दाणा मिळणारं कबूतर दाणे बंद झाल्यावर लवकर थांबतं. कधी मिळतो, कधी नाही, असं ज्याचं चाललं होतं ते मात्र कितीतरी वेळ चोच मारत राहतं. लोक विचारतात, एवढा अपमान होऊनही ही तिथंच का? अपमान आणि माया एकाच हातून येतात, म्हणून.

आणि माणूस तिथं जातो कधी, तेही बघा. सुखात कुणी जात नाही. आपण 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट पाहिलेली माणसं. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर दुष्काळ, कर्ज, पोरीचं लग्न, ऊसतोडीला गेलेलं घर. अशा वेळी जो मांडीला मांडी लावून तासभर ऐकून घेतो, त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटणं हा मूर्खपणा नाही. दवाखान्यात पाच मिनिटं मिळत नाहीत, दरबारात तास मिळतो. त्या भुकेला मी कधीही हसणार नाही.

पण त्या विश्वासाचं काय होऊ शकतं ते 2013 च्या ऑगस्टनं दाखवलं. 20 तारखेला पुण्यात, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात आसारामच्या गुरुकुलात शिकणाऱ्या एका अल्पवयीन मुलीनं पोलिसांत तक्रार दिली. तिला भूतबाधा झाली आहे असं घरच्यांना सांगितलं होतं, आणि भक्त असलेल्या आईवडिलांनी उपाय होईल म्हणून स्वतः तिला जोधपूरजवळच्या आश्रमात नेलं होतं. खटला चालू असताना साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचा जीव गेला. 25 एप्रिल 2018 ला आसारामला जन्मठेप झाली. मला त्यात सगळ्यात मोठे वाटतात ते आईवडील. आपली वर्षानुवर्षांची श्रद्धा एका बाजूला आणि लेकीचा शब्द दुसऱ्या बाजूला असताना ते लेकीच्या बाजूनं उभे राहिले.

दाभोलकर गेल्यावर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. हा कायदा श्रद्धेच्या मुळावर आलाय, असं आजही गावागावांत बोललं जातं. तसं नाही. पूजा, वारी, कीर्तन, हरिकथा यांना त्यात स्पष्ट मोकळीक आहे. गुन्हे ठरतात ते अनुसूचीतले बारा प्रकार. गेल्या जन्मीचं नातं सांगून किंवा अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून शरीरसंबंध ठेवणं त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. चमत्काराचा दावा, पैसा, अत्याचार असेल तर या कायद्याचा हात धरता येतो.

ती वही मात्र कुठल्याच कलमात बसत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं भावनिक छळ हा छळच मानला, पण तो घरातला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्यानं माणसाला सतत धाकात ठेवून त्याच्या आयुष्याचा ताबा घेणं गुन्हा ठरवलं, तेही जोडीदार आणि कुटुंबापुरतंच. सत्संगाच्या सतरंजीवर जे होतं त्याला अजून नाव नाही. नाव नाही म्हणून तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून सगळं आलबेल, असं आपण धरून चालतो. मला हे फार लागतं.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घरच्यांशी मला बोलायचंय, कारण तुमच्यातले काही जण मला नंतर जिन्यात गाठणार आहेत, दर वेळी गाठतात. त्या बाईंच्या भावानं काय केलं ऐका. तो तिथं जाऊन ओरडला, तुझा बाबा भोंदू आहे, तुला अक्कल नाही. खरं बोलला. पण गुरूनं आधीच सांगून ठेवलं होतं, घरचे येतील, शिव्या देतील, तीच तुझी परीक्षा. भावानं ते भाकीत खरं करून दाखवलं. त्या रात्री वहीत ओळ पडली: भावाचा राग आला, माझं चुकलं.

धाकट्या बहिणीनं वेगळं केलं. ठरवून केलं की स्वभावानं झालं, मला माहीत नाही. ती दर रविवारी फोन करायची आणि विचारायची, “आक्का, जेवलीस का?” मग सांगायची, म्हैस व्याली, ज्वारी काढून झाली, आईच्या नऊवारीची गोधडी शिवायला टाकली. गुरूबद्दल बरं-वाईट एक अक्षर नाही. कधी पलीकडून हं यायचं, कधी फोन उचललाच जायचा नाही. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. अशी दोन वर्षं गेली. घरात मीठ जास्त पडलं तर फक्त पाणी प्यायचं असतं, हे त्या फोनमुळं आक्काच्या ध्यानात राहिलं असावं.

अशा घरांतल्या माणसांनी स्वतःलाही सांभाळायला हवं. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक लिहून घ्या. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिथं कुणी तुमची श्रद्धा विचारत नाही.

मग एका रात्री, वार रविवार नव्हता, धाकटीचा फोन वाजला. पलीकडं बराच वेळ नुसता श्वास. हिनंही काही विचारलं नाही, फोन कानाला धरून ओट्यापाशी उभी राहिली. शेवटी आक्का म्हणाली, “सकाळची पहिली एसटी किती वाजता आहे गं?”