पोलिओनंतरची चाळीस वर्षे

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, पन्नाशी-साठीच्या घरातील एक गृहस्थ आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे असतील. लहानपणी त्यांस पोलिओ झाला आणि एक पाय बारीक राहिला. आईने वर्षानुवर्षे तेल चोळले, वडिलांनी कडेवर घेऊन शाळेत पोचविले. पुढे कॅलिपर आला, काठी आली. गृहस्थ शिकले, नोकरीस लागले, संसार केला, मुलांची लग्ने केली. त्यांच्याविषयी बोलताना आपण नेहमी कौतुकाने म्हणत आलो, “पाय अधू खरा, पण कोणाच्या हाताची गरज लागू दिली नाही त्यांनी.” असे हे गृहस्थ अलीकडे वाचनालयात येईनासे झाले आहेत. विचारले तर म्हणतात, “वय झाले.” घरची माणसे म्हणतात, “हल्ली त्यांना उत्साहच राहिला नाही.” आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा त्यांच्या मनात येते, की तो जुना रोग पुन्हा उलटला तर नाही ना?

आजचे माझे भाषण या शंकेपाशीच सुरू होते.

पोलिओ आपल्या देशातून गेला, अशी आपली समजूत आहे. आणि रोगाच्या साथीपुरती ती खरी आहे. १९५५ साली अमेरिकेत साल्क यांची टोचावयाची लस निर्धोक व गुणकारी ठरली. काही वर्षांतच सेबिन यांची तोंडावाटे द्यावयाची लस आली. आपल्याकडे १९९५ पासून दोन थेंबांची ती मोहीम देशभर चालली, आणि कोट्यवधी मुलांपर्यंत पोचली. २००९ साली देखील भारतात ७४१ रोगी नोंदले गेले होते. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १३ जानेवारी २०११ रोजी, बंगालमधील हावडा जिल्ह्यात नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा अखेरचा रोगी आढळला. आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशियाचा विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित केला. एवढे मोठे कार्य आपल्या हयातीत झाले, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. मात्र ज्यांना तो रोग आधीच होऊन गेला होता, त्यांची कथा त्या प्रमाणपत्राने संपत नाही. कित्येकांच्या बाबतीत तिचा दुसरा अध्याय आता कोठे सुरू होत आहे.

तो अध्याय समजावयाचा तर पहिला थोडा उकलून पाहिला पाहिजे. पोलिओचा विषाणू तोंडावाटे आतड्यांत शिरतो. बाधा झालेल्या सुमारे दोनशेजणांत एखाद्यालाच कायमचा पक्षाघात होतो. त्या एकाच्या बाबतीत विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोचतो, आणि स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या ज्या पेशी तेथे असतात त्यांचा नाश करतो. अशी पेशी एकदा मेली की तिच्या जागी दुसरी उत्पन्न होत नाही. मग प्रश्न असा, की अंथरुणाला खिळलेल्या कितीतरी मुलांच्या पायांत काही महिन्यांनी पुन्हा थोडीबहुत शक्ती आली, ती आली कोठून?

एखाद्या गावी टपाल वाटणारे दहा शिपाई आहेत, अशी कल्पना करा. साथीत त्यांतले सहा दगावले. उरलेल्या चौघांनी आपापल्या गल्ल्या सांभाळून गेलेल्या सोबत्यांच्या गल्ल्याही वाटून घेतल्या. टपाल पुन्हा घरोघर पोचू लागले, आणि गावाला वाटले की सारे पूर्ववत झाले. पोलिओतून उठलेल्या शरीरात नेमके असेच घडते. वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडतात आणि निराधार झालेल्या स्नायुतंतूंना आपल्या पदराखाली घेतात. मूल उभे राहते, चालू लागते. पण ते चार शिपाई तीस-चाळीस वर्षे आपल्या वाट्याहून कितीतरी अधिक चालत असतात, हे कोणाच्या ध्यानी राहत नाही. पुढे त्यांचे पाय थकतात, आणि प्रथम लांबच्या घरांची पत्रे चुकू लागतात. फुटलेले फाटे झिजतात, सुकतात. आणि जी शक्ती एकदा परिश्रमाने मिळविली होती ती हळूहळू हातची जाऊ लागते.

या अवस्थेला डॉक्टर ‘पोस्ट-पोलिओ सिंड्रोम’ म्हणतात. रोग होऊन गेल्यावर निदान पंधरा वर्षे, बहुधा त्याहूनही पुष्कळ अधिक काळ प्रकृती स्थिर राहते, आणि मग नवी दुर्बलता येते. कधी ती आधीच अधू असलेल्या पायात येते, तर कधी ज्या पायाला आपण आजवर ‘चांगला पाय’ म्हणत आलो त्यातही येते. दुपार झाली नाही तोच अंग गळून जावे असा थकवा, सांध्यांची व स्नायूंची ठणक, थंडी मुळीच न सोसणे, क्वचित गिळताना ठसका लागणे अथवा निजल्यावर श्वास अपुरा पडणे, ही तिची लक्षणे. पोलिओ होऊन गेलेल्या शंभरांपैकी पंचवीस ते चाळीसजणांना हा त्रास होतो, असा अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. आणि आपल्या त्या गृहस्थांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की हा पोलिओ पुन्हा उलटलेला नसतो. नातवंडाला मांडीवर घेण्यास त्यांनी भिण्याचे काही कारण नाही. यापासून कोणालाही संसर्ग होत नाही.

ही गोष्ट जगाच्या ध्यानी आली कशी, तेही सांगण्यासारखे आहे. १८७५ सालीच फ्रान्समध्ये असा एक रोगी नोंदला गेला होता. तान्हेपणी पोलिओ झालेला आणि कातडी कमावण्याच्या कामावर असलेला तो एकोणीस वर्षांचा तरुण होता. श्रमाच्या अतिरेकाने ही नवी दुर्बलता आली असावी, असा तर्क तेथील विख्यात वैद्य शार्को यांनी केला होता. पण पुढे शंभर वर्षे या विषयाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ते वेधले एका गृहिणीने. अमेरिकेतील जिनी लॉरी या बाईंचा जन्म १९१३ सालचा. आदल्याच वर्षी त्यांच्या दोन बहिणी पोलिओने दगावल्या होत्या, आणि त्या दोघींची नावे या मुलीला ठेवण्यात आली होती. मोठेपणी क्लीव्हलंड येथील पोलिओच्या रुग्णालयात त्या स्वयंसेविका म्हणून जात, आणि घरी गेलेल्या रुग्णांचा परस्परांशी संबंध राहावा म्हणून १९५८ पासून त्यांनी एक लहानसे पत्रक काढले. वीसेक वर्षांनंतर त्या पत्रकाच्या वाचकांकडून एकाच आशयाचा मजकूर येऊ लागला: “पूर्वी जमत होते ते आता जमत नाही.” प्रत्येकाला वाटत होते की हे आपल्या एकट्याचेच दुखणे आहे. पत्रे शेजारी शेजारी ठेवल्यावर उमगले, की हे शेकडोंचे आहे. १९८१ साली शिकागो येथे याच विषयावर परिषद भरली, आणि त्यानंतर वैद्यकशास्त्र या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहू लागले. म्हणजे शास्त्राला वाट दाखविली ती एकमेकांना पत्रे लिहिणाऱ्या रोग्यांनी.

आपल्याकडेही या कार्याचा आरंभ घरगुती कळवळ्यातूनच झाला. स्वतःच्या मुलीच्या आजारपणातून धडा घेऊन फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभारली. १९५५ साली तेथेच हाजी अली येथे पुनर्वसनशास्त्राची अखिल भारतीय संस्था निघाली. शस्त्रक्रिया, कॅलिपर, तीनचाकी, शाळा, नोकरी अशी एकेक सोय पुढे होत गेली. परंतु पोलिओसाठी जे जे झाले ते बहुतेक सारे मुलांना डोळ्यांसमोर ठेवून झाले. ती मुले आता आजोबा-आजी झाली आहेत, आणि त्यांच्यासाठी काय करावे याचा विचार अद्याप समाजाने पुरता केलेला नाही.

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे मला प्राप्त आहे. पोलिओ झालेल्या मुलाला आपण सर्वांनी मिळून एकच मंत्र दिला, तो जिद्दीचा. “थांबू नकोस, चाल. दुखले तरी चाल.” त्या काळी तो मंत्र योग्यच होता, त्याच्या बळावर ही माणसे उभी राहिली. पण जे स्नायू चाळीस वर्षे जादा ओझे वाहून थकले आहेत, त्यांना तोच मंत्र आता घातक ठरतो. थकवा येईपर्यंत व्यायाम केल्याने ती शक्ती वाढत नाही, उलट घटण्याचा संभव असतो. आणि मुळीच हालचाल न केल्यानेही नुकसान होतेच. म्हणून माफक व्यायाम, कामाच्या मध्ये विश्रांती, वजनावर ताबा, अंगाला ऊब, आणि काठी, कॅलिपर किंवा चाकांची खुर्ची ज्या वेळी लागेल त्या वेळी निःसंकोच घेणे, हाच आजचा उपचार आहे. हा विकार मुळापासून बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. मात्र प्रत्येक दुखणे पोलिओच्या खात्यावर टाकूनही चालणार नाही. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइडचा दोष, मणक्याचा विकार यांपैकी काही नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावे. आणि कोणतीही शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना लहानपणीच्या पोलिओची हकीकत आवर्जून सांगावी. कारण अशा शरीरावर भुलेचा परिणाम अधिक होण्याचा संभव असतो.

आता विचार करा. ज्या माणसाने जन्मभर “मला जमते” असे म्हणून मान मिळविला, त्याला साठाव्या वर्षी “मला जमत नाही” हे म्हणावयाचे आहे. पन्नास वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेली कुबडी त्याला पुन्हा हाती घ्यावयाची आहे. हे दुःख पायाच्या दुःखाहून मोठे असते, आणि त्यावर डॉक्टरांपाशी उपाय नाही. तो आपणांपाशी आहे.

पहिला उपाय स्वतः पोलिओग्रस्तांनी करावयाचा आहे, तो एकत्र येण्याचा. गावातील असे पाच-सातजण महिन्यातून एकदा एखाद्या तळमजल्यावरील खोलीत जमले, तरी पुरे. कॅलिपर नीट दुरुस्त करणारा कारागीर कोठे मिळतो, न्हाणीघरात कोठे दांडी बसवावी, कमोडची उंची किती असावी, सकाळची कामे कशी वाटून घ्यावीत, ही माहिती अनुभवी माणसापाशीच मिळते. ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांच्याशी दूरध्वनीवरून बोलावे. अधूनमधून एखाद्या जाणत्या डॉक्टरला बोलवावे, आणि त्यांचे ऐकावे तसेच त्यांना ऐकवावेही. “हे तुला एकट्यालाच होत नाही,” एवढे एक वाक्य त्या बैठकीतून घरी नेता आले, तरी जाण्याचे सार्थक झाले.

दुसरा उपाय घरच्यांचा. विश्रांती घेणाऱ्याला आळशी म्हणू नये. आजवरच्या जिद्दीचे जेवढे कौतुक केले, तेवढ्याच मनाने आता दुपारी निजण्याचेही करावे. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या थंडीत त्यांचा पाय गार व निळसर पडतो, तेव्हा लोकरीचा मोजा न मागता पुढे करावा.

तिसरा उपाय आपल्या संस्थांचा, आणि तो मला विशेष आग्रहाने सांगावयाचा आहे. बेळगाव असो, बडोदे असो, इंदूर असो की हैदराबाद असो, मराठी माणूस जेथे वसला तेथे त्याने वाचनालय काढले, मंडळ काढले, गणेशोत्सव सुरू केला. परंतु या जुन्या वास्तूंपैकी कितीकांत वर जाण्यास उभा जिना असतो, व्याख्यानाला खाली सतरंजी असते, आणि प्रसादाची पंगत जमिनीवर बसते! ज्याला गुडघा वाकवता येत नाही त्याने काय करावे? तो मुकाट्याने येणे सोडतो, आणि आपण म्हणतो, त्यांना हल्ली उत्साह राहिला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना सुगम असाव्यात असे सांगितले आहेच. पण जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, दाराशी एक उतार, हातांच्या चार उंच खुर्च्या आणि पंगतीशेजारी एक टेबल, एवढ्यासाठी कायद्याची वाट कशाला पाहावी? एका वर्षीच्या रोषणाईतून थोडे वाचविले तरी हे होण्यासारखे आहे.

अखेरीस एक हिशेब मांडतो. २०१० साली ज्या बालकाला आपल्या देशात पोलिओ झाला, ते २०५० साली चाळिशीत असेल. त्याला हा दुसरा अध्याय तेव्हा वाचावा लागेल. पोलिओचा ताजा रोगी कधीच न पाहिलेली डॉक्टरांची पिढी आजच दवाखान्यांतून काम करू लागली आहे, मग त्या वेळी त्याला समजावून सांगणार कोण? ते सांगतील आजचे हे आजोबा-आजी, जर त्यांनी आपला अनुभव आज बोलून आणि लिहून ठेवला तर. त्यांच्या बैठकींची साधी टिपणवही त्या मुलाला पुढे वैद्याच्या ग्रंथाइतकी उपयोगी पडेल.

म्हणून श्रोतेहो, वाचनालयात न दिसणाऱ्या त्या गृहस्थांकडे या आठवड्यात एकदा जाऊन या. प्रकृतीची चौकशी फार करू नका. “तळमजल्यावर तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे, केव्हा येता?” एवढेच विचारा, आणि जाण्यापूर्वी ती खुर्ची खरोखरच ठेवून जा.