आधी स्मिअर, मग स्टेरॉइड



राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात बालरोगतज्ज्ञांच्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत. 

अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. लहान मुलांच्या संधिवाताचं वर्णन जॉर्ज स्टिल यांनी 1897 साली लंडनमध्ये केलं, 22 मुलांवरून. त्यानंतर कितीतरी दशकं आपल्या हाती अ‍ॅस्पिरिन आणि पुढे स्टेरॉइड, एवढंच होतं. 1992 मध्ये मेथोट्रेक्सेट मुलांमध्ये उपयोगी पडतं हे सिद्ध झालं. 1999 मध्ये अमेरिकेत एटानरसेप्टला मुलांसाठी परवानगी मिळाली. मग अडालिमुमॅब आलं, टोसिलिझुमॅब आलं, आणि 2014च्या डिसेंबरात अहमदाबादच्या कंपनीने अडालिमुमॅबची देशी आवृत्ती बाजारात आणली. आढावा इथेच थांबवतो. मला दुसरं बोलायचं आहे, आणि त्यासाठी मी बरीच वर्षं थांबलो आहे.

सकाळच्या सत्रात या बायोलॉजिक औषधांनी मुलांना कॅन्सर होतो का, यावर भरपूर वाद झाला. 4 ऑगस्ट 2009 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टीएनएफ रोखणाऱ्या औषधांच्या माहितीपत्रकात कॅन्सरचा चौकटीतला इशारा छापायला लावला. मुलं आणि किशोरवयीन मिळून 48 जणांना कॅन्सर झाल्याच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या, त्यांतले सुमारे निम्मे लिम्फोमा. हे खरं आहे. पण त्या 48 जणांत आतड्याच्या क्रोन्स आजाराचे रुग्ण पुष्कळ होते आणि बहुतेकांना जोडीने प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधंही चालू होती, हे सकाळी कुणी सांगितलं नाही. 2012 मध्ये ब्यूकलमन आणि सहकाऱ्यांनी संधिवात असलेल्या 7,812 मुलांच्या नोंदी तपासल्या. ही औषधं कधीच न घेतलेल्या मुलांतही कॅन्सरचं प्रमाण इतर मुलांपेक्षा चौपटीच्या आसपास निघालं. औषध घेणाऱ्यांत ते आणखी वाढलेलं दिसलं नाही. आकडे लहान आहेत, शेवटचा शब्द कुणी उच्चारू नये. तरी धोक्यातला काही वाटा खुद्द आजाराचा असावा, हे मानायला जागा आहे.

आमच्या भागात खरी भीती बाळगायची ती क्षयाची. याच गटातल्या इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या 70 रुग्णांची नोंद 2001 मध्येच प्रसिद्ध झाली. त्वचेची चाचणी, छातीचा एक्स-रे आणि घरात कुणी खोकणारं आहे का ही चौकशी झाल्याशिवाय पहिलं इंजेक्शन देऊ नये. यावर वाद नसावा.

आता माझा अनुभव सांगतो. आजरा बाजूची एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा नववीत होती आणि उंचीने चौथीतली दिसत होती. चेहरा गोल, गाल तट्ट फुगलेले, पाठीचे मणके दबलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागलेला. तिच्या आईने पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. आत मेडिकलवाल्याने वर्षानुवर्षं त्याच एका जुन्या चिठ्ठीवर दिलेल्या प्रेडनिसोलोनच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. बायोलॉजिकचा सल्ला तिला कधी कुणी दिला नव्हता का? दिला होता. पण त्याच दमात ‘यानं कॅन्सर होऊ शकतो’ असंही सांगितलं होतं. आई म्हणाली, “कॅन्सर म्हटल्यावर कोण हो म्हणंल ओ डॉक्टर? ह्या गोळीनं निदान चालाय तर लागलीया.” त्या माउलीचं काय चुकलं? स्टेरॉइडच्या पट्टीवर चौकट छापलेली नसते आणि तोंडाने कुणी सांगत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये सांध्यांच्या आजारात मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान कशाने झालं असं विचाराल, तर मी त्या पांढऱ्या गोळीकडे बोट दाखवीन.

इथवर बरेच जण मान डोलावतील. पुढचं ऐकून काहींना राग येईल, येऊ दे.

कॅन्सर हा शब्द आपण इंजेक्शनच्या वेळी उच्चारतो. जिथे तो उच्चारायला हवा तिथे आपण गप्प बसतो. पाय दुखतो म्हणून आणलेल्या मुलाला ल्युकेमिया असू शकतो, हे एमबीबीएसच्या पुस्तकात आहे, परीक्षेत विचारतात, आणि ओपीडीत आपण विसरतो. घोटा सुजला, ताप आहे, ईएसआर वाढलेला आहे, की आपण एएसओ आणि आरए फॅक्टर मागवतो, संधिवात लिहितो आणि स्टेरॉइड सुरू करतो. ज्यांची सूज दिसत नाही त्यांना ‘वाढीचं दुखणं’ म्हणून घरी पाठवतो.

राधानगरीकडच्या एका पोराचं सांगतो. सहा-सात वर्षांचा असेल. आजी कडेवर घेऊन आली. “दिसभर कसं तरी ऱ्हातंय, रात्री पाय धरून रडतंय, हात लावू देत न्हाई,” म्हणाली. मी गुडघा वाकवून पाहिला, सहज वाकला. गुडघ्याच्या चार बोटं खाली नडगीवर दाबलं तसं पोर किंचाळलं. दुखत होतं ते हाड. मुलांच्या संधिवातात सकाळी उठल्यावर सांधे आखडतात आणि दिवस चढेल तसे मोकळे होतात. याचं दुखणं रात्रीचं होतं, आणि सुजेच्या मानाने फार होतं. ईएसआर खूप चढलेला, तशा दाहात प्लेटलेट वाढायला हव्यात, त्या उलट कमी होत्या. हे सगळे कागद त्याच्या फायलीत आधीपासून होते. कुणी शेजारी-शेजारी ठेवून वाचले नव्हते. मध्यंतरी त्याला तीन आठवडे स्टेरॉइड मिळालं होतं, आणि आजीच्या शब्दांत “जादू झाल्यागत” तो पळायला लागला होता.

ती जादू कसली, हे या सभागृहाला मी सांगायला नको. प्रेडनिसोलोन हे ल्युकेमियाच्या उपचारातलंच औषध आहे. त्याने आजाराच्या ब्लास्ट पेशी मरतात, दुखणं पळतं, रक्ताचा स्मिअर स्वच्छ होतो, कधी बोन मॅरोसुद्धा फसवतो. आजार मात्र तिथेच असतो. काही आठवड्यांनी परततो तेव्हा निदान लांबलेलं असतं, आणि आधी स्टेरॉइड मिळालं म्हणून काही उपचारपद्धतींत त्या मुलाला जास्त जोखमीच्या गटात टाकून जास्त कडक केमोथेरपी द्यावी लागते. ज्या आजारातून आज बहुसंख्य मुलं बरी होऊ शकतात, ज्याच्या उपचारांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहे, त्या आजाराचा पहिला डाव आपण चार गोळ्यांपायी घालवतो.

सकाळी एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, प्रत्येक दुखऱ्या पायाचा बोन मॅरो काढायचा का? नाही. पण स्टेरॉइडची चिठ्ठी लिहिण्याआधी सीबीसी आणि डोळ्याने वाचलेला स्मिअर प्रत्येक मुलाचा हवा. मशीनचा छापील रिपोर्ट त्यासाठी पुरेसा नाही. आणि रात्रीचं दुखणं, हाडावरचा ठणका, न जुळणाऱ्या प्लेटलेट यांतलं काही असेल, तर स्मिअर स्वच्छ असला तरी बोन मॅरो पाहिल्याशिवाय गोळी नको. सुरुवातीला रक्तात ब्लास्ट दिसतीलच असं नाही.

करायच्या कामांबद्दल थोडक्यात. जर्मनीत 2001पासून बायोलॉजिक घेणाऱ्या मुलांचं ‘बायकर’ रजिस्टर चालतं. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या मुलांची अशी नोंदवही आपण का ठेवू नये? कोणत्या औषधावर किती वर्षं, पुढे काय झालं, एवढं लिहिलं तरी पुरे. कोण सांभाळणार, खर्च कसा भागणार, ते कार्यकारिणीने बसून ठरवावं. गगनबावडा, चंदगडसारख्या ठिकाणची स्लाइड वाचायला पॅथॉलॉजीचे मित्र मिळतील का, हेही विचारायचं आहे.

स्टेरॉइडआधी स्मिअर हवाच, असा ठराव मी दुपारच्या खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. विरोधात बोलायचं असेल त्यांनी नाव आधी नोंदवावं, आणि येताना आपल्या शेवटच्या पाच संधिवाती मुलांच्या फायली सोबत आणाव्यात. त्या उघडूनच बोलू.