होडीवरचा तिसरा डोळा

हिंगोलीत बसून समुद्रातल्या मासेमारीवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. आपल्याकडे मासा येतो तो येलदरीचा, सिद्धेश्वरचा, नाहीतर इसापूर धरणाचा. पण बारीक आसाचं जाळं आणि त्यात अडकणारी पिलं, हे दुखणं धरणाला आहे तसंच दर्यालाही आहे.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. सागरी मासेमारीचा राज्याचा कायदा १९८१ सालचा. २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. माशांच्या थव्याला वेढा घालून तळातून आवळायचं ते पर्ससीन जाळं. त्याला राज्याच्या हद्दीत २०१६ च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा दिली. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून धरायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरली. पापलेट १३५ मिलिमीटरहून लहान असेल तर ते धरायचं नाही. ठीक आहे. पण किनाऱ्यापासून वीस किलोमीटरवर, रात्री दोन वाजता, फूटपट्टी घेऊन उभं कोण राहणार?

जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू केली. ड्रोनला होडी दिसते, ती कुठे उभी आहे ते कळतं. जाळ्यात काय आलं आणि त्यातलं काय परत पाण्यात फेकलं, ते वरून नीट कळत नाही. मेलेलं पिलू फेकलं की पुरावाही बुडाला.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात, यावर एक तोड निघाली. तिची सुरुवात सरकारने नव्हे, खेकडे पकडणाऱ्यांनी केली. गेल्या शतकाच्या अखेरीस तिथे एकमेकांच्या पिंजऱ्यांतले खेकडे चोरीला जात. शेवटी वैतागून त्यांनीच आपल्या होड्यांवर कॅमेरे बसवून घेतले. पिंजऱ्याच्या तरंगत्या खुणेत चीप बसवली. पिंजरा वर ओढला की तो कोणाचा, याची नोंद आपोआप व्हायची.

पुढे २००६ पासून तिथल्या गळाने मासे धरणाऱ्या होड्यांनाही कॅमेरे आले. जाळी-दोर ओढायचं यंत्र फिरू लागलं की चित्रण सुरू. तांडेलाने मात्र आपली वही स्वतःच लिहायची: कोणता मासा, किती, किती परत टाकले. बंदरावर आल्यावर चित्रणाचा साधारण दहावा हिस्सा चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडून वहीशी ताडतात. जुळलं तर वही खरी धरली जाते. नाही जुळलं तर बाकीचं चित्रणही तपासायचं आणि त्याचा खर्च होडीवाल्याच्या माथी. मला यातलं मर्म हे वाटतं, की कॅमेरा इथे फौजदार नाही, वहीचा साक्षीदार आहे. कोणता दहावा हिस्सा निघेल ते ठाऊक नसल्याने माणूस सगळंच खरं लिहितो.

न्यूझीलंडने अलीकडे कॅमेरे बसवल्यावर परत फेकलेल्या माशांच्या नोंदी ४६ टक्क्यांनी वाढल्या. मासे काही एकाएकी जास्त फेकले गेले नसावेत. आधी लिहिलेच जात नव्हते.

आता खलाशांची बाजू. होडी हे त्यांचं कामाचं ठिकाण, तसंच आठ-दहा दिवसांचं घरही. तिथे ते जेवतात, झोपतात, अंघोळ करतात. म्हणून कॅमेऱ्याचं तोंड जाळं ओढण्याच्या आणि मासे निवडण्याच्या जागेकडेच हवं. चित्रण कोणाच्या ताब्यात, किती दिवस, हे आधी लेखी ठरायला हवं. आणि खर्च? एका छोट्या नौकेवर जगणाऱ्या कोळ्याला तो झेपणारा नाही. सुरुवात करायची तर मोठ्या पर्ससीन नौका आणि ट्रॉलरपासूनच करावी. छोट्या मच्छीमारांची तक्रार त्यांच्याविरुद्धच तर आहे.

आपल्या धरणांवर एवढ्याशा होडीत कॅमेरा कुठे टांगणार, असं तुम्ही म्हणाल. नकोच टांगायला. पण सोसायटीचा काटा काठावर असतो आणि त्यावर येतो तो विकायचा मासा. पावसाळ्यापूर्वी अंड्यांनी भरलेली मादी किती निघाली, यंदा सोडलेल्या बोटुकल्यांपैकी किती जाळ्यात मेल्या, याचा रकाना सोसायटीच्या वहीत आहे का, एवढं पुढच्या सभेत सभासदांनी विचारून पाहावं. नसेल तर तो आखायला एक पट्टी आणि पेन पुरे. फोटो काढायला प्रत्येक पोराच्या खिशात मोबाइल आहेच.