दादी शाळेत जाते तेव्हा

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिलाय 'शिक्षण आणि आपलं कुटुंब'. आपल्याकडे शिक्षणावर सभा झाली की ती सच्चर समितीपासून सुरू होते, शिष्यवृत्तीवर येते आणि आरक्षणावर संपते. ते सगळं महत्त्वाचं आहेच. मी आज एक साधा प्रश्न घेऊन आलोय. आपल्या घरातलं कोण मोठं माणूस शाळेत पाऊल टाकतं? प्रवेशाच्या दिवशी सही करायला सगळेच जातात. मी विचारतोय वर्षाच्या मधल्या एखाद्या दिवसाबद्दल, जेव्हा कोणी बोलावलेलं नसतं.

आमच्या घरात हे काम दादीनं केलं. आम्ही तासगाव तालुक्यातले पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरणारे. अब्बा ट्रकवर असायचे, अम्मी द्राक्षबागेत रोजानं जायची. उरली दादी. तिला अक्षरओळख नव्हती. तरीही नातवंडांच्या तीन शाळा तिनं पाहिल्या, आणि तिन्ही शाळांना ती लक्षात राहिली.

पहिली शाळा माझी, जिल्हा परिषदेची मराठी शाळा. दादी महिन्या-दोन महिन्यांनी यायची आणि डोक्यावर पदर घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहायची. गुरुजी म्हणायचे, "पोरगं शांत आहे हो तुमचं, काही त्रास नाही." दादी म्हणायची, "शांत हाय ते मलाबी ठावं हाय. येतंय काय त्याला?" मग वही मागायची. वाचता येत नसलं तरी लाल शाई दिसायची. एकदा तिनं माझी गणिताची वही चाळली आणि मोजून सांगितलं, चौदा पानांवर लाल शाईचा ठिपका नाही. गुरुजी ओशाळले. पुढच्या आठवड्यापासून वह्या तपासून यायला लागल्या. माझी एकट्याची नव्हे, सगळ्या वर्गाची. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

दुसरी शाळा माझ्या धाकट्या बहिणीची. ती फुफूकडे शहरात राहून नगरपालिकेच्या उर्दू शाळेत शिकत होती. दादी तिकडे मुक्कामाला गेली असताना तिच्या ध्यानात आलं की पोरीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते. विचारलं तर पोर बोलेना. दादी सरळ शाळेत गेली आणि म्हणाली, मुलींचं संडास दाखवा. त्याला कुलूप होतं. चावी हेडमास्तरांकडे, आणि पुरुषाकडे चावी मागायला मुली लाजायच्या. म्हणून सकाळपासून कोणी पाणीच पीत नव्हतं. दादीनं मोहल्ल्यातल्या चार बायका गोळा केल्या आणि तीनदा फेऱ्या मारल्या. शेवटी चावी एका शिक्षिकेकडे आली. शाळा आपली, शिक्षक आपले, मुली आपल्या, आणि तरी इतकी वर्षं कोणी कुलूप पाहिलं नव्हतं. हा भाग मला जास्त टोचतो.

तिसरी शाळा पुण्यातली, चाचांच्या मुलाची, इंग्रजी माध्यमाची. तिथं आजी-आजोबा दिन होता. काउंटरवरच्या बाई दादीशी हिंदीत बोलायला लागल्या. दादी मराठीत उत्तर देत राहिली, त्या हिंदीतच विचारत राहिल्या. वर्गशिक्षिकेनं सहज विचारलं, "तुमच्यात मुलांना लवकर कामाला लावतात ना?" दादी म्हणाली, "लावलं असतं तर ह्यो हितं कसा असता, बाई?" नंतर प्रत्येक आजीनं काहीतरी सांगायचं होतं. दादीनं कापूस कसा पिंजतात ते सांगितलं, तोंडानं पिंजणाचा आवाज काढून दाखवला. पोरांनी तो पुन्हा पुन्हा काढायला लावला. चाचांचा मुलगा, जो सकाळी मान खाली घालून बसला होता, तो सगळ्यांना सांगत होता, ही माझी दादी.

त्या शिक्षिकेच्या मनात वाईट काही होतं असं मला वाटत नाही. त्यांच्या वर्गात आपल्यातली आजी त्याआधी आलेलीच नसावी. आपल्याबद्दलचे समज अशा रिकाम्या जागेतच वाढतात. सगळे मुसलमान मुलांना मदरशात घालतात, हा असाच एक समज. सच्चर समितीनं २००६ सालीच सांगितलं की शाळेच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी तीन-चार टक्केच आहेत. शिकणारी बहुतेक मुलं साध्या शाळांत आहेत. आपली मुलं तिथं आहेत, मग त्यांच्या घरची माणसंही तिथं दिसायला हवीत.

दादीच्या काळात तिच्या हातात कायदा नव्हता. आज आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा आणि मिळालेल्या अनुदानाचा वापर, हे या समितीचं काम. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांना हे लागू आहे, माध्यम मराठी असो वा उर्दू. मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह हाही याच कायद्याचा निकष आहे.

खासगी विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते. पण महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानं तिथं पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती आणली आहे. शुल्कावर बोलण्याची ती जागा आहे.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचं काय? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर ठेवलं. म्हणजे आपल्याच ट्रस्टच्या शाळेत विचारायला हा कायदा मदतीला येणार नाही. तिथं विचारायचं ते आपणच, आपल्याच माणसांना. सरकारला जाब विचारताना आपला आवाज चढतो. ट्रस्टींना विचारताना तो का बसतो, याचा विचार करा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ज्यानं कोड लिहिला त्यानंच तो तपासून पास करायचा नसतो. शाळेचंही तसंच आहे. यू-डायस प्लस या सरकारी संकेतस्थळावर शाळांची माहिती असते: खोल्या किती, शिक्षक किती, स्वच्छतागृह आहे की नाही. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक आहे. पण ही माहिती शाळाच भरते. माझ्या बहिणीच्या शाळेनं अशी नोंद केली असती तर 'स्वच्छतागृह आहे' असंच लिहिलं असतं, आणि ते खोटंही नसतं. कुलूप नोंदीत दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी आत जाऊन बघावं लागतं.

आता तुमच्या मनातली भीती मला माहीत आहे. वातावरण असं असताना नजरेत कशाला यायचं? मुलावर राग काढला तर? ही भीती खोटी नाही. माझं उत्तर एवढंच, की एकटं जाऊ नका. चौघं मिळून जा, त्यातले दोघं दुसऱ्या आळीतले असू द्या. पाणी, वह्या, कुलूप हे सगळ्यांच्या मुलांचे प्रश्न आहेत. दादीनं माझी वही दाखवली तेव्हा सगळ्या वर्गाच्या वह्या तपासल्या गेल्या, त्यात पाटलांचीही होती आणि कांबळेंचीही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अजून मुलं नाहीत. पण भाऊ-बहिणी आहेत, भाचे-पुतणे आहेत. या महिन्यात तीन कामं करा. त्यांच्या शाळेचा यू-डायस क्रमांक शोधा आणि माहिती उतरवून घ्या. समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, ते विचारा. आणि घरातल्या दादीला, नानीला किंवा नानांना सोबत घेऊन शाळेत जा. तुम्ही कागद वाचा, त्यांना बघू द्या. परत आल्यावर काय दिसलं ते त्यांना विचारा. तुमच्या यादीत नसलेलं काहीतरी त्या नक्की सांगतील.